सरकी खाणाऱ्या म्हशीचं तूप

समजा, अकोल्याच्या एका किराणा दुकानातून अन्न निरीक्षकाने तुपाचा नमुना उचलला. तूप अस्सल आहे. जवळच्याच गावातल्या म्हशींच्या दुधाचं, लोणी कढवून केलेलं. त्यात डालडा नाही, चरबी नाही, तेलाचा थेंब नाही. हा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि त्याला महाराष्ट्राच्या इतर भागांत लावतात तोच निकष लावला, तर अहवालात शब्द येऊ शकतो: भेसळयुक्त.

प्रयोगशाळा खोटं बोलत नाही. दुकानदारही नाही. गोम आहे म्हशीच्या गव्हाणीत.

अन्नभेसळ नियमांचं एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक मला रद्दीच्या दुकानात मिळालं होतं. १९५४ च्या कायद्याखालचे नियम. अशी पुस्तकं कुणी वाचत नाही, वाचायचीही नसतात. पण मी पानं उलटत गेले आणि तुपाच्या कोष्टकाशी थांबले. तिथे राज्यवार आकडे दिले होते, आणि महाराष्ट्रापुढे एक ओळ नव्हती, दोन होत्या. कापूस पट्टा सोडून बाकीच्या महाराष्ट्रातल्या तुपासाठी किमान आकडा २६. कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी २१. खाली खुलासा होता: कापूस पट्टा म्हणजे जिथे गुरांना मोठ्या प्रमाणावर सरकी खाऊ घालतात आणि राज्य सरकारने तसं अधिसूचित केलं आहे तो भाग. मी अमरावतीची. दिल्लीत बसून कुणीतरी कपाशीच्या मुलखातल्या म्हशीच्या आहाराची कायद्यात नोंद घेतली, हे वाचून मला आधी हसूच आलं. मग वाटलं, ही ओळ नसती तर?

हा २६ आणि २१ चा मामला थोडा समजून घ्यावा लागेल. याला रायकर्ट-माइसल मूल्य म्हणतात. दुधाच्या चरबीत काही लहान आम्लं असतात, वाफेबरोबर उडून जाणारी, पाण्यात विरघळणारी. लोणी खवट झालं की जो वास नाकाला झोंबतो तो त्यातल्याच ब्युटिरिक आम्लाचा. शेंगदाण्याच्या, तिळाच्या, सरकीच्या तेलात ही आम्लं जवळपास नसतातच. म्हणून पाच ग्रॅम तूप घ्यायचं, त्यातली ही आम्लं वाफेवाटे वेगळी काढायची, आणि ती शमवायला ठरावीक ताकदीचा अल्कली किती मिलिलिटर लागतो ते मोजायचं. अल्कली भरपूर लागला तर तूप चांगलं. कमी लागला तर कुणीतरी त्यात तेल किंवा वनस्पती ओतलंय, असा तर्क.

तर्क बरोबर आहे, फक्त त्यात म्हैस धरलेली नाही. ती लहान आम्लं म्हशीच्या कासेत तयार होतात. पण खाण्यात तेलकट दाणा भरपूर असला, तर त्या तेलातली लांबलचक आम्लं दुधात उतरतात आणि लहान आम्लांचं प्रमाण घटतं. सरकीत तेल चांगलंच असतं. वऱ्हाडात जनावराला काय घालतात हे इथल्या पोराटोरालाही ठाऊक आहे: सरकी, नाहीतर सरकी पिळून उरलेली ढेप. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेचा जो सौदा चालतो त्याचं आधारकेंद्रच अकोला आहे. माझी आजी तर संध्याकाळची सरकी भिजवलेली नसली की घरातल्या कुणाशी धड बोलायची नाही. म्हणायची, "म्हशीले उपाशी ठेवून तुमाले काय दूध देऊ?"

तेव्हा इथल्या म्हशीच्या तुपाचा आकडा मुळातच खाली येतो. प्रयोगशाळेत आणखी एक गंमत होते. सरकीचं तेल ओळखायला हाल्फेन नावाची चाचणी आहे. गंधक, कार्बन डायसल्फाइड आणि अमाइल अल्कोहोल यांच्यासोबत नमुना तापवला आणि लाल रंग आला, की सरकीचं तेल आहे असं समजायचं. सरकी खाल्लेल्या जनावराच्या अस्सल तुपातही हा लाल रंग येतो, कारण ज्या घटकामुळे रंग येतो तो सरकीतून दुधात आणि दुधातून तुपात जातो. म्हणजे दोन वेगवेगळ्या चाचण्या एकाच निर्दोष डब्याकडे बोट दाखवणार.

वऱ्हाडाच्या तुपावर कापसाचा हा ठसा कसा उमटला, ते बघायला थोडं मागे जाऊ.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरचे डोळे भारताकडे वळले. मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसात सरकी, माती, पाणी मिसळलेलं असतं अशी गिरणीवाल्यांची ओरड होती. म्हणून १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातली लबाडी रोखायचा कायदा केला आणि तपासनीस नेमले. १८६७ पर्यंत रेल्वे मुंबईहून थेट नागपूरला पोचली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कॉटन कमिशनर होता. १८८६ मध्ये कारंज्याला, आताच्या वाशीम जिल्ह्यात, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. त्यात वजन, मापं, अडत, दलाली सगळ्यावर नियम.

आणि माणसांच्या खाण्यावर? वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेला होता, आणि त्या प्रांताचा भेसळ प्रतिबंधक कायदा आला १९१९ मध्ये. १८६३ आणि १९१९. इंग्लंडला जाणाऱ्या गाठीत माती सापडली तर तपासनीस, आणि इथल्या पोराच्या दुधात पाणी सापडलं तर छप्पन्न वर्षं थांबा. मी इतिहासाची प्राध्यापक नाही, पण ही दोन सालं शेजारी लिहिली की वेगळं भाष्य करावंसं वाटत नाही.

कापूस वाढला तशी सरकी वाढली, गुरांना मुबलक मिळू लागली. तेल गिरण्या आल्या. मग १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. वनस्पती म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं तेल. दिसायला रवाळ, तुपासारखं, किमतीला तुपाच्या खाली. भेसळ करणाऱ्याला आणखी काय हवं? १९५० च्या सुमारास ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत वनस्पतीवर सरसकट बंदीचं विधेयक आणलं होतं. बंदी काही आली नाही. वनस्पतीला वेगळा रंग द्यावा म्हणजे तुपात मिसळता येणार नाही, ही सूचनाही बरीच वर्षं चर्चेत होती, पण खायला सुरक्षित आणि तापवल्यावर टिकणारा रंग जमेना.

जमलं ते वेगळंच. प्रत्येक वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. कारण चवीचं नव्हतं. तिळाच्या तेलात असे घटक आहेत की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल (किंवा साधी साखर) घालून हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. ही बोदुआँ चाचणी. म्हणजे सरकारने डालड्याच्या प्रत्येक डब्यात एक खबऱ्या बसवून ठेवला. तुपात डालडा घातलात की तीळ बोलणार. अख्ख्या अन्नभेसळीच्या इतिहासात मला सगळ्यात आवडलेली युक्ती हीच. कोणत्या म्हशीने काय खाल्लं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. ती नेमका डालडाच शोधते.

१ जून १९५५ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा देशभर लागू झाला आणि प्रांतोप्रांतीचे जुने कायदे गेले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, पुढच्याच वर्षी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलली, दुकानात येणारा निरीक्षक मात्र त्याच एका कायद्याचा.

आता दुकानात काय व्हायचं ते बघू, कारण सगळी झटापट त्या अर्ध्या तासाची आहे.

निरीक्षक येतो, ओळख सांगतो, नमुना तपासणीसाठी घेतोय अशी लेखी नोटीस देतो. नमुना फुकट उचलायचा नाही, बाजारभावाने पैसे द्यायचे. शेजारपाजारच्या एकदोघांना पंच म्हणून बोलवायचं. इथे पहिली अडचण. बाजाराच्या ओळीत शेजारी कोण? दुसरा दुकानदार. आज याच्या कागदावर सही केली तर उद्या हा माझ्या कागदावर करेल, मग कोर्टाच्या तारखा. "साहेब, मले जेवाले जायचं हाय," म्हणत तो कधी शटर ओढेल, पत्ता लागत नाही. पंच मिळाले नाहीत एवढ्यावरून खटला पडतोच असं नाही. निरीक्षकाची एकट्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर पुरते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या एका निकालात म्हटलं आहे. पण बचावाचा वकील पहिला प्रश्न पंचांवरच विचारतो.

मग नमुन्याचे तीन भाग. तीन स्वच्छ, कोरड्या बाटल्या. बूच घट्ट, लेबल, जाड कागदाचं वेष्टण, दोरा, लाखेची सीलं, आणि कागदाच्या पट्टीवर दुकानदाराची सही अशी की निम्मी पट्टीवर, निम्मी वेष्टणावर. एक बाटली सार्वजनिक विश्लेषकाकडे. उरलेल्या दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे जपून ठेवायच्या. विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला, तर दुकानदाराला कोर्टाकडे मागणी करता येई की जपलेली बाटली केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवा. तिथून आलेलं प्रमाणपत्र अंतिम. पहिल्या अहवालाला मग किंमत नाही.

ही दुसरी बाटली म्हणजे दुकानदाराचा जीव. आणि तिला सगळ्यात मोठा धोका वेळेचा. दिल्ली महापालिका विरुद्ध घिसाराम या १९६७ च्या निकालात नमुना दह्याचा होता. खटला दाखल व्हायलाच इतका उशीर झाला की दुसरा नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुजून गेला, तपासता येईना. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आरोपीचा हक्क तुमच्या दिरंगाईने मारला गेला, त्याला शिक्षा करता येत नाही. दुधादह्याच्या नमुन्यात फॉर्मॅलिनचे थेंब घालायचा नियम याच भीतीपोटी आहे. मेच्या महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. तिथे दुधाचा नमुना घेऊन हिंडणाऱ्या माणसाला फॉर्मॅलिनचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तूप कुजत नाही, तुपाची भानगड वेगळी. या कायद्यात 'मला माहीत नव्हतं' हा बचाव चालत नसे. डब्यात जे सापडलं त्याला विकणारा जबाबदार. पुढे दुरुस्त्या होऊन बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड ठरला. सुटकेची एक वाट होती: तुम्ही तो माल परवानाधारक उत्पादक किंवा व्यापाऱ्याकडून लेखी हमीसह घेतला असेल आणि आला तसाच विकला असेल, तर तुम्ही सुटता, वरचा अडकतो. जुन्या किराणा बिलांच्या तळाशी मालाच्या हमीचं एक बारीक वाक्य छापलेलं असायचं ते यासाठी.

पण खेड्यातून तूप घेऊन येणारी बाई हमीपत्र कुठून देणार? आठवडी बाजाराला ती लोणी नाहीतर तूप आणणार, दुकानदार वास घेणार, तळहातावर चोळून बघणार, भाव ठरणार. बिल नाही, परवाना नाही. म्हणजे कंपनीचा सीलबंद डबा विकणाऱ्याच्या हातात कागद, आणि गावचं खरं तूप विकणाऱ्याच्या हातात फक्त विश्वास. त्याच्यावर २६ चा आकडा लावला असता तर सरकी खाल्लेल्या म्हशीपायी माणूस तुरुंगात गेला असता. 'कापूस पट्टा' ही ओळ त्याच्यासाठी तेवढी मोलाची होती.

सवलतीची दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. किमान आकडा २१ वर आणला की २६ चं तूप विकत घेऊन त्यात हिशेबाने वनस्पती मिसळणाऱ्यालाही जागा मिळते. तूप २२ वर आणून ठेवलं की या कसोटीवर तो पास. तिथे मग तीळ कामाला येतो. एक चाचणी सैल केली म्हणून दुसरी घट्ट हवी, असं ते गणित. शिवाय आकडा लागतो तूप जिथे तयार झालं त्या जागेला. अमरावती जिल्हाच घ्या. चांदूर बाजारकडची म्हैस सरकी खाते. वर मेळघाटात गवळ्यांची गुरं जंगलात चरतात. तिथल्या खव्याचं नाव आहेच. एकाच जिल्ह्यातली ही दोन दुधं, आणि शहरातल्या दुकानाच्या डब्यात दोन्हींचं तूप एकत्र झालं असेल तर ते कुठलं म्हणायचं?

तुपावर इतका वेळ घेतला, पण जागेनुसार अन्नाचा गुन्हा होतो याचं आणखी ठसठशीत उदाहरण डाळीत आहे. अकोला डाळ गिरण्यांचं शहर. तूर डाळीत किंवा बेसनात लाखेची डाळ मिसळणं ही जुनी लबाडी. लाख स्वस्त, रंगाने जवळची. ओळखायची खूण म्हणजे तिचा दाणा तिरकस, पाचरीसारखा, एका बाजूने उतरता. ती रोजच्या रोज, दुसरं काही न मिळता, महिनोन्महिने खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. १९६१ पासून तिची विक्री रोखण्याची तरतूद नियमांत आली. पण विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत, हीच लाखोरी धानानंतरचं पीक. तिथल्या ताटातलं अन्न अकोल्यातल्या पोत्यात सापडलं की भेसळ. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. पुढे रतन, प्रतीक यांसारखे कमी विषाचे वाणही निघाले. तरी तुरीच्या भावात लाख विकणं ही फसवणूकच, लाख विषारी असो वा नसो. त्या पोत्याशी उभ्या निरीक्षकाला हे दोन प्रश्न वेगळे ठेवता यायला हवेत.

५ ऑगस्ट २०११ पासून जुना कायदा गेला आणि २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. अन्न निरीक्षक आता अन्न सुरक्षा अधिकारी. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. नमुन्याचे तीनऐवजी चार भाग होतात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मोठा बदल शिक्षेत झाला. माल खायला असुरक्षित असेल तरच तुरुंगाची भाषा. नुसता कमी दर्जाचा असेल तर पैशाचा दंड, पाच लाखांपर्यंत, आणि तोही फौजदारी कोर्टात न जाता न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. ज्याच्या तुपाचा आकडा दोनाने कमी भरला आणि ज्याने पोरांच्या मिठाईत विषारी रंग घातला, ते दोघे आता एकाच पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. मला हा बदल पटतो, जरी 'पैसे भरा आणि सुटा' अशी टीका त्यावर होत असली तरी. उलट बाजूलाही एक कलम आहे: अधिकाऱ्याने सबळ कारण नसताना छळासाठी कारवाई केली तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

छोट्या दुकानदाराला, २०११ च्या नियमांप्रमाणे वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असेल तर, परवान्याऐवजी नुसती नोंदणी, वर्षाला शंभर रुपये. २०२२ पासून बिलावर चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने असेल तर नोंदणी. पुढच्या वेळी बिल हातात आलं की बघा.

आणि एक कलम तुमच्या-माझ्यासाठी आहे. जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे, कलम ४०: दुकानातून घेतलेली वस्तू ग्राहक स्वतः तपासायला देऊ शकतो. फी भरायची, विकणाऱ्याला घेतानाच सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे, आणि माल नियमांत बसत नाही असं निघालं तर फी परत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'नकली तूप असं ओळखा' हे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या माझ्या नातेवाइकांपैकी एकानेही हे कलम वापरलेलं नाही. मीही एकदा विचार केला होता. गल्लीतल्या दुकानात पाव किलो सुटं तूप मागितलं आणि 'काका, हे तपासायला द्यायचं आहे' असं म्हणून बघितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली पळी पुन्हा डब्यात ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता सुटं ठेवतच नाई आमी. हे घरापुरतं हाय. तुमाले पाकीट देऊ का?"

पाकीट गुजरातच्या एका डेअरीचं होतं.